बहिणीच्या नावे गेलेली पत्रं

आमच्या कंपनीच्या मालकाने लंडनच्या एका लिलावात कागदांची पेटी विकत घेतली, ती दोन हजार आठच्या उन्हाळ्यात. अठराव्या शतकात मुंबईत बसून मस्कत, बुशहर आणि बसऱ्याशी व्यापार करणाऱ्या एका इंग्रजाचा तो पत्रव्यवहार होता. आमची कंपनी आखातात टॉवर बांधायची. अल रीम आयलंडवर जो टॉवर उभा राहणार होता, त्याच्या तळमजल्यावर गॅलरी करून काचेमागे ही पत्रं लावायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आपण नुसता फ्लॅट नाही तर इतिहासही विकत घेतोय असं वाटेल, अशी कल्पना होती. मी तिथे ब्रोशर लिहायचो. पुण्यात कधीकाळी इतिहासात एम.ए. केलं होतं, ते माझ्या बायोडेटाच्या अगदी तळाशी होतं आणि इतकी वर्षं तिथवर कुणी वाचत गेलं नव्हतं. ते एकदाचं कामाला आलं आणि पेटी माझ्या टेबलावर आली.

वर्ष संपता संपता सगळं कोसळलं. टॉवरचा पाया खणून झाला होता, तो खड्डा तसाच राहिला. पेपरात तेव्हा एअरपोर्टवर गाड्या टाकून पळालेल्या लोकांच्या सुरस कथा यायच्या. आमच्या ओळखीत कुणी पळालं नाही. आमच्या ओळखीतले लोक रजेवर जायचे आणि तिकडेच त्यांना कळायचं की व्हिसा कॅन्सल झाला, परत यायचं कारण नाही. सामान मागून कुणीतरी पॅक करून पाठवायचं. माझ्या डिपार्टमेंटमध्ये मी एकटा उरलो, आणि तोही कर्तृत्वामुळे नाही. मालकाला पेटी आता विकून टाकायची होती. परदेशातला एक संग्राहक ती घ्यायला तयार होता, पण प्रत्येक पत्र वाचून, टाइप करून दिलं तरच. ते हस्ताक्षर वाचता येणारा कंपनीत मीच होतो. एचआरचा माणूस मला तोंडावर म्हणाला, "देखो भाई, जब तक चिठ्ठी है, तब तक आप हो. उसके बाद खलास."

त्यातलं गणित मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मुलगी अकरावीत होती. तिचा व्हिसा माझ्या व्हिसावर, तिची शाळा आणि दोन हजार दहाच्या मार्चमधलं बारावीचं परीक्षा केंद्र इथलं. मध्येच नोकरी गेली तर पोरीचं वर्ष बुडणार. तेव्हा पत्रं मार्चपर्यंत पुरायला हवी होती. बायको म्हणाली, "मग सावकाश वाचा." पेटी भरलेली होती आणि त्या माणसाचं अक्षर गिचमीड होतं, एवढाच काय तो आधार.

आमच्या डिपार्टमेंटचं ऑफिस बंद झालं आणि मला रास अल खोरच्या गोडाउनमध्ये पाठवलं. तिथे संगमरवराचे नमुने, न लागलेले नळ आणि आमच्या सगळ्या न झालेल्या टॉवरची मॉडेल्स प्लास्टिकच्या खजुरांसकट ठेवली होती. एका कोपऱ्यात पार्टिशन घालून एसी बसवला होता. तो कागदांसाठी होता. कागदांजवळ बसायचं म्हणून मला मिळत होता. बाहेर दिवसभर फोर्कलिफ्ट फिरायच्या, आणि मी तिथे बसून अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची उठाठेव वाचायचो.

पेटीत दोन गोष्टी होत्या. एक जाडजूड वही, जिच्यात त्याने पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल उतरवून ठेवली होती, आणि त्याला आलेल्या पत्रांचे गठ्ठे. त्या काळी पत्र एकदाच लिहून भागत नसे. जहाज बुडायचं, फ्रेंचांच्या हाती लागायचं, म्हणून तेच पत्र पुन्हा लिहून निरनिराळ्या जहाजांनी पाठवायचं. शिवाय प्रत्येक नव्या पत्राच्या सुरुवातीला मागच्याचा सारांश द्यायचा, मागचं पोहोचलंच नसेल तर म्हणून. इंग्लंडला पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष, दीड वर्ष सहज लागायचं. त्यामुळे हा माणूस कायम गेल्या वर्षीच्या माणसांशी बोलत असायचा. ज्याचा ताप विचारतोय तो कधीच बरा झालेला असायचा किंवा गेलेला असायचा.

मला तो आवडला नाही. हे सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं की जुने कागद वाचणाऱ्याला त्यातल्या माणसाचा लळा लागतो. तो रडका होता. मुंबईच्या हवेबद्दल रडायचा, मस्कतच्या दलालांबद्दल रडायचा, खोर फक्कानला पाणी भरायला थांबलेल्या जहाजाला उशीर झाला म्हणून पानभर रडायचा. एका पत्रात बसऱ्याला पाठवलेल्या मालाचा तपशील होता. तांदूळ, साखर, सुती कापड, आणि त्याच ओळीत पुढे माणसं. आफ्रिकेतून आणलेली, मस्कतला घेतलेली. त्यातली काही वाटेत मेली याचं त्याला दुःख होतं, ते साखर भिजल्याच्या दुःखाइतकंच. मी ते टाइप करून एचआरला मुद्दाम दाखवलं. तो वाचून म्हणाला, "ये रहने दो ना यार, बायर का मूड ऑफ होगा." मी ते वगळलं नाही. तेवढाच एक राग मला काढता येत होता.

या माणसाचा एकच कोपरा मऊ होता. त्याची मोठी बहीण इंग्लंडमध्ये होती आणि तिला तो व्यापाराचं काही लिहायचा नाही. तिला तो आंब्याची चव समजावून सांगायचा, आपल्या दाताचं दुखणं सांगायचा, आणि तिच्या नवऱ्याच्या चहाड्या करायचा. मेहुणा कंजूष आहे, घुम्या आहे, त्याच्याशी लग्न करून तू जन्माचं वाटोळं केलंस, मी चार पैसे गाठीला बांधून आलो की तुला त्या घरातून काढतो. हे तो वर्षानुवर्षं लिहीत होता. कधी गेला नाही.

दिवाळीत पुण्याहून फोन आला की आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतं, कळतं, पण बोलता येणार नाही. आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माझ्या थोरल्या भावाजवळ राहायची. दादाने लग्न केलं नाही. पिंपरीच्या कारखान्यातून लवकर निवृत्त झाला होता आणि मुळातच तो मोजून बोलणारा. आमच्या घरात बोलायचं काम आई आणि मी करायचो, दादा पेपर वाचायचा.

मी दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट मागायला गेलो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. एचआरचा माणूस वाईट नव्हता. त्याने कपाट उघडलं, पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लेके जाओ. माँ है. लेकिन मैं झूठ नहीं बोलूंगा, वापस आने की गॅरंटी मैं नहीं दे सकता. तुम बाहर गये तो ऊपरवाले बोलेंगे, चिठ्ठी किसी और से पढवा लो." मी त्या पासपोर्टकडे बघत बसलो. मग म्हणालो, "रखो." घरी मुलगी म्हणाली, "बाबा, यू शुड गो. आय विल मॅनेज." सोळा वर्षांच्या पोरीला काय मॅनेज करता येतं? दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आईला विचारलं. तिने हाताने नको म्हटलं. पोरीची परीक्षा होऊ दे."

तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कॉलिंग कार्ड घेऊन बसायचो. दादा फोन उचलायचा. "कशी आहे?" "आहे तशीच." "जेवली?" "पेज." यापुढे त्याचा शब्दकोश संपायचा. मग मी म्हणायचो, "तिच्या कानाला लाव." थोडी खुडबुड व्हायची आणि मग पलीकडे नुसता श्वास. सुरुवातीला त्यात एक घोगरा हुंकारही असायचा. मी बोलत सुटायचो. एरवी आईशी बोलताना ती मध्येमध्ये तोडायची, आता कुणी तोडत नव्हतं. पोरीचे मार्क, इथलं भाडं, बायकोची पाठदुखी, त्या व्यापाऱ्याचे दात, सगळं सांगायचो.

आणि दादाबद्दल सांगायचो. तिला दिवसभर त्याच्याच तोंडाकडे बघावं लागत होतं, तिची बाजू घेणारं कुणीतरी हवं असं मला वाटायचं. "अगं, तो भात अजून गिच्च करतो का? तुला घशाखाली तरी उतरतो का गं? बाई ठेव म्हटलं तर ठेवत नाही, सगळं स्वतः करायचं, चिक्कू मारवाडी. तुझ्याशी दोन शब्द बोलतो की नाही? नसेलच बोलत. त्याला माणूस म्हणजे अडचण. एप्रिल येऊ दे, मी येतो आणि तुला त्याच्या तावडीतून सोडवतो." असं दर शुक्रवारी. मग पाठोपाठ लाज वाटायची नाही, उलट बरं वाटायचं. आईचं काहीतरी केलं असं वाटायचं.

जानेवारीत वही संपली आणि मी आलेल्या पत्रांचे गठ्ठे उघडले. फेब्रुवारीच्या शेवटी मेहुण्याचं पत्र हाताला लागलं. स्वच्छ, टपोरं अक्षर. बहीण वारल्याचं त्याने कळवलं होतं. तारीख बघून मी वही पुन्हा काढली. आमचा व्यापारी त्यानंतर दीड वर्ष बहिणीला पत्रं पाठवत होता. मेहुण्याने मृत्यूची बातमी लगेच पाठवली होती, पण ते जहाज पोहोचलं नाही. बहिणीच्या नावे पत्रं येतच राहिली तेव्हा त्याने पुन्हा लिहिलं, ते हे पत्र, आणि ते पोहोचलं फार उशिरा. मधल्या काळात आलेली पत्रं आपणच उघडली, कारण उघडायला घरात दुसरं कुणी नव्हतं, असं मेहुण्याने लिहिलं होतं. आपल्याबद्दल त्यांत काय काय होतं याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. उलट आंब्याची ती सगळी हकिकत आपण दोनदा वाचली, असं मात्र होतं.

मी वहीत व्यापाऱ्याचं उत्तर शोधलं. होतं. एका वाक्यात शोक, आणि पुढे लगेच मोख्याच्या कॉफीचा भाव. मी त्या दिवशी गोडाउनमध्ये एकट्याने त्याला मराठीत शिव्या घातल्या. बाहेर फोर्कलिफ्टवाला पठाण थांबून बघायला लागला.

ही गोष्ट मला कुणाला तरी सांगायची होती. शुक्रवारी आईला सांगितली. "बघ ना गं, हा मूर्ख मेलेल्या बहिणीजवळ मेहुण्याच्या चहाड्या करतोय, आणि तो बिचारा मेहुणा एकेक पत्र फोडून वाचतोय. काय वाटलं असेल त्याला?" मला सांगताना हसू येत होतं. पलीकडे श्वास चालू होता, जरा जोरात. मला वाटलं आईलाही हसू आलं. मी म्हणालो, "दमलीस का? ठेवतो आता."

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली आणि पाडवा मध्येच आला. बायकोने गुढी उभारली नाही. म्हणाली, "परीक्षेच्या धबडग्यात कशाला? पुढच्या वर्षी." ती गेला महिनाभर देवापाशी दिवाही लावत नव्हती हे मी पाहिलं होतं, आणि विचारलं नव्हतं. आमच्या घरात सगळे परीक्षेच्या नावाखाली काही ना काही पुढे ढकलत होते. पोरगी खोलीतून ओरडायची, "कॅन यू ऑल प्लीज नॉट टॉक?" आणि आम्ही आज्ञाधारकपणे गप्प बसायचो. मला ती शांतता सोयीची वाटत होती.

शेवटच्या पेपरला आम्ही दोघं शाळेबाहेर गाडीत थांबलो होतो. पोरं बाहेर यायला वेळ होता. बायको समोर बघत म्हणाली, "आता सांगते. आई गेल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. झोपेतच गेल्या. भाऊजींनी सगळं केलं. पेपर झाल्यावर सांगायचं असं ठरलं होतं."

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मग मी बोलत होतो ते कुणाशी?"

तेवढ्यात मुलगी प्रश्नपत्रिका हलवत, हसत धावत आली, मागचं दार उघडून धपकन बसली आणि म्हणाली, "डन! यल्ला, लेट्स गो!" मी गाडी सुरू केली. घरापर्यंत ती बोलत होती आणि आम्ही तिला बोलू दिलं.

रविवारी मी उरलेली पत्रं एचआरच्या टेबलावर ठेवली. आता सावकाश वाचायचं काही कारण नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, पासपोर्ट काढला आणि "सॉरी भाई" म्हणाला. पुढच्या महिन्यात व्हिसा कॅन्सल झाला. त्याचं मला काही वाटलं नाही. मिळेल त्या विमानाचं तिकीट काढून मी पुण्याला आलो होतो.

दादाने दार उघडलं. त्याच्या डोक्यावर बोटभर केस उगवले होते, म्हणजे मुंडन करून तेवढे दिवस झाले होते. आईची खाट काढून टाकली होती, भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा राहिला होता. गुरुजी म्हणाले, आईबाप गेल्याचं मुलाला कधीही कळो, कळल्यापासून दहा दिवस सुतक. दादाचं सुतक कधीच फिटलं होतं. तेव्हा तो स्वयंपाक करायचा आणि मी कोपऱ्यात चटईवर बसायचो. भात खरोखरच गिच्च होता.

दोन दिवस मी तो गिळला. तिसऱ्या दिवशी जेवताना माझा बांध फुटला. मी ताट सरकवलं आणि ओरडलो. मला अग्नी द्यायला बोलावलं नाहीस ते एक वेळ सोडतो, पण मला दोन महिने वेड्यासारखं बोलायला लावलंस. कानाला लाव म्हटलं की लावत होतास. कुणाच्या कानाला लावत होतास रे?

"माझ्याच," दादा म्हणाला.

मग तो माझं सरकवलेलं ताट पुन्हा माझ्यापुढे करत म्हणाला, "बाई ठेवली होती. आई तिला हात लावू देत नव्हती." तेवढंच. मी त्याच्याबद्दल जे जे बोललो होतो त्यातल्या एवढ्या एकाच गोष्टीला त्याने उत्तर दिलं. बाकीचं त्याला कबूल होतं की काय, मला कळलं नाही. भात वाढत त्याने विचारलं, "त्या मेहुण्याचं पुढे काय झालं? त्याला परत पत्र आलं का?"

"कॉफीच्या भावाचं आलं," मी म्हणालो.

"हं," दादा म्हणाला.

माझा राग गेला नव्हता. राग असा प्रश्नोत्तरांनी जात नाही. मी म्हणालो, आईने परीक्षेपर्यंत येऊ नको असं हाताने सांगितलं, ठीक आहे. पण माझ्या बायकोने तरी मला सांगायला हवं होतं. दादाने मान हलवली. "तिला बोल लावू नकोस. ती बिचारी दर आठवड्याला फोन करून म्हणायची, भाऊजी, सांगून टाकू या, ह्यांची दशा बघवत नाही. आई गेली त्याच दिवशी तिने तुला सांगितलं असतं. मीच नको म्हणालो."

"का? परीक्षा तर पोरीची होती. मी काय पेपर देणार होतो?"

दादाने आपलं ताट उचललं, मोरीपाशी गेला आणि पाण्याखाली धरलं. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आई गेली म्हणून कळलं असतं, तर तू शुक्रवारी फोन कशाला केला असतास?"

मी उत्तर शोधलं. नसता केला.